कार्यशाळेतून नवीन नाटक उभं करायचं असेल तर: पहिल्या प्रश्नापासून पक्क्या संहितेपर्यंत

हातात संहिता नाही, सहा-सात माणसं आहेत, एक रिकामी खोली मिळालीये आणि नवीन नाटक करायचंय, तेही सगळ्यांनी मिळून. अशी सुरुवात बरेच ग्रुप करतात आणि त्यातले बरेच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अडकतात. माणसं हुशार असतात, इम्प्रो, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी सुचेल तसे केलेले प्रसंग, झकास होत असतात, हसणं-रडणं सगळं चालू असतं, पण नाटक काही पुढं सरकत नाही. मी स्वतः यात दोनदा अडकलोय. त्यातून एक गोष्ट कायमची डोक्यात बसली: कार्यशाळेत नाटकाचा कच्चा माल तयार होतो, नाटक नंतर टेबलाशी बसून लिहावं लागतं, आणि ही दोन्ही कामं एकाच वेळी एकाच खोलीत करायला गेलं की दोन्ही बिघडतात. खाली सगळं त्याच हिशोबानं लिहिलंय.

ही काही माझी शोधलेली पद्धत नाही. ब्रिटनमध्ये १९७४ साली जॉइंट स्टॉक नावाचा थिएटर ग्रुप सुरू झाला, त्यांची कामाची रीत साधारण अशीच होती. आधी नट, दिग्दर्शक आणि लेखक एकत्र कार्यशाळा करणार, विषय खणणार, माणसांना भेटणार, मग लेखक एकटा जाऊन लिहिणार, आणि मग ती संहिता घेऊन तालीम. कॅरिल चर्चिल यांचं 'क्लाउड नाइन' हे १९७९ चं नाटक असंच तयार झालं. दुसऱ्या टोकाला ब्रिटिश दिग्दर्शक माइक ली, ते संहितेशिवाय सुरू करतात, प्रत्येक नटाबरोबर वेगळं बसून पात्र घडवतात आणि नटाला फक्त त्याच्या पात्राला माहीत असेल तेवढंच सांगतात. तुमची रीत या दोघांच्या मधे कुठंतरी असेल. पहिल्यांदाच करत असाल तर मात्र लेखक वेगळा असलेली रीत घ्या, त्यात सावरायला जागा मिळते.

आधी प्रश्न, गोष्ट नंतर

विषय म्हणून "कुटुंब" किंवा "एकटेपणा" घेऊन बसलात तर पंधरा दिवस नुसत्या गप्पा होतील. त्यापेक्षा एक प्रश्न शोधा आणि तो एका वाक्यात लिहा. प्रश्न चांगला आहे का हे बघायची माझी कसोटी सोपी आहे: ग्रुपमधल्या दोन माणसांनी त्याची दोन उलटी उत्तरं मनापासून द्यायला हवीत. सगळ्यांचं एकच उत्तर येत असेल तर ते भाषण होणार, नाटक नाही.

या लेखात एकच उदाहरण पुढं नेतो म्हणजे सोपं जाईल. समजा प्रश्न असा: आई गेल्यावर तिच्या घरातल्या वस्तूंवर हक्क कुणाचा, शेवटपर्यंत जिनं सांभाळलं तिचा, की सगळ्या भावंडांचा सारखा? हे वाक्य खोलीत मोठ्यानं वाचलं की लगेच कुणीतरी म्हणतं "अर्थात सांभाळणाऱ्याचा" आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं "असं कसं, लांब राहणाऱ्याची ती आई नव्हती का?" बस, मिळाला प्रश्न. आता याची गोष्ट ठरवायची नाही. भाऊ किती, घर विकणार की नाही, शेवट काय, यातलं काहीच आत्ता ठरवू नका, कितीही मोह झाला तरी.

माणसं किती आणि कोण काय करणार

नट पाच ते सात पुरेत. त्याहून जास्त झाले की प्रत्येकाला दिवसातून एकदाच उठायला मिळतं आणि बाकीचे नुसते बसून कंटाळतात. चारपेक्षा कमी असतील तर सगळ्यांच्या कल्पना आठवडाभरात संपतात. त्याशिवाय तीन माणसं वेगळी हवीत: खोली चालवणारा, म्हणजे बहुतेक वेळा दिग्दर्शक, दुसरा लेखक, आणि तिसरा नोंदी ठेवणारा. हा तिसरा माणूस सगळेच ग्रुप वाचवायला बघतात, "लेखकच लिहून घेईल की" म्हणतात. नाही जमत. लेखक ऐकत असतो तेव्हा तो स्वतःच्या डोक्यातलं नाटक ऐकायला लागतो आणि समोर प्रत्यक्ष काय बोललं गेलं ते निसटतं. नोंदी ठेवणारा माणूस नाटकात काम करणारा नसावा, त्याला शांत बसता यावं आणि भरभर लिहिता यावं, एवढं पुरे.

आणि सुरुवातीलाच हे स्पष्ट करा की शेवटचा शब्द कुणाचा. कल्पना सगळ्यांच्या, पण संहितेत काय राहणार हे एकानं किंवा फार तर दोघांनी ठरवायचं. मतदान करून संवाद ठेवायचे की काढायचे हे मी बघितलंय, त्यातून येतं ते कुणालाच न दुखावणारं, गुळगुळीत काहीतरी. ग्रुपला हे आधी सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही, महिन्यानंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं.

एक पान कागद, पहिल्याच दिवशी

हा भाग लोकांना आवडत नाही, मैत्रीत कसला कागद म्हणतात, पण तो कराच. एका पानात पाच गोष्टी लिहा आणि सगळ्यांनी सही करा. लेखक म्हणून नाव कुणाचं लागणार. कार्यशाळेत सहभागी झालेल्यांचा उल्लेख कसा होणार, दर प्रयोगाच्या जाहिरातीत आणि छापील संहितेत सुद्धा. पैसे मिळाले तर वाटणी कशी. मधेच कुणी सोडून गेलं तर त्याच्यातून आलेल्या मालाचं काय. आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची: कुणी स्वतःच्या आयुष्यातलं काही सांगितलं तर ते परत घ्यायचा हक्क त्याला कुठपर्यंत आहे.

याचं कारण नुसतं भावनिक नाही. न्यूयॉर्कमध्ये 'अ कोरस लाइन' हे संगीत नाटक १९७५ मध्ये आलं, त्याची सुरुवात जानेवारी १९७४ मध्ये नर्तकांना एकत्र बसवून त्यांच्या आयुष्याच्या गप्पा टेप करण्यातून झाली होती. त्या नर्तकांनी आपल्या गोष्टींचे हक्क एकेका डॉलरला लिहून दिले होते. नंतर त्यांना उत्पन्नात काही वाटा दिला गेला, पण नाटक इतकं प्रचंड चाललं की आपल्याला योग्य ते मिळालं का हा सल अनेकांच्या मनात वर्षानुवर्षं राहिला. दुसरं उदाहरण 'रेंट' या अमेरिकन संगीत नाटकाचं. लेखक १९९६ मध्ये नाटक सुरू होण्याच्या तोंडावरच वारला, आणि संहितेवर त्याच्याबरोबर काम केलेल्या ड्रामाटर्गनं, म्हणजे लेखकाला संहिता घडवायला मदत करणाऱ्या बाईनं, सहलेखक म्हणून हक्क मागितला. १९९८ मध्ये अपील कोर्टानं तो नाकारला. तिचं योगदान कोर्टानं मान्य केलं, पण दोघांनीही एकमेकांना सहलेखक मानलं होतं असं दिसत नाही, असं म्हटलं. म्हणजे तुम्ही खोलीत किती दिलंत यापेक्षा काय ठरलं होतं हे मोजलं गेलं. कायदे देशादेशांत वेगळे असतात, पण काहीच ठरलेलं नसलं की सगळ्यात जास्त नुकसान प्रामाणिकपणे राबलेल्या माणसाचं होतं, हे सगळीकडं सारखंच.

वेळ कसा लावायचा

मी असा लावतो. पहिली फेरी बारा बैठका, प्रत्येकी तीन तास, आठवड्यातून तीन, म्हणजे चार आठवडे. मग पाच-सहा आठवडे सगळं बंद, लेखक लिहिणार. मग दुसरी फेरी सहा बैठकांची, हातात मसुदा घेऊन. मग परत दोन-तीन आठवडे लिखाण. त्यानंतर पक्की तालीम. सगळं मिळून तीन-साडेतीन महिने जातात, त्यात तालीम धरलेली नाही. तुमच्याकडं निम्माच वेळ असेल तर बैठका कमी करा, पण मधला बंद काळ खाऊ नका. पहिल्यांदा अडकलो होतो ते त्यामुळंच, प्रयोगाची तारीख आधीच घेतली होती, मग रोज संध्याकाळी इम्प्रो आणि रोज रात्री लिखाण असं चाललं आणि शेवटी रंगमंचावर गेलं ते तुकड्यांचं गाठोडं होतं.

तीन तासांचेही भाग पाडा. पहिली पंचवीस मिनिटं शरीर आणि आवाज, मग दीड तास मुख्य काम, दहा मिनिटं मोकळी, मग पाऊण तास दुसरं काम, आणि शेवटची दहा मिनिटं गोल करून बसायचं. त्या दहा मिनिटांत चर्चा नाही, प्रत्येकानं फक्त आज लक्षात राहिलेली एक गोष्ट सांगायची. ती नोंदली जाते, आणि खरं सांगतो, संहितेतले अर्धे चांगले प्रवेश मला त्या शेवटच्या दहा मिनिटांच्या नोंदींतून सापडलेत.

खोलीबद्दल थोडक्यात: जमीन स्वच्छ हवी, एक मोठी भिंत कागद चिकटवायला, सहा खुर्च्या, एक टेबल, जमिनीवर जागा आखायला रंगीत चिकटपट्टी, आणि प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंची, एक पेटी. पेटीत किल्ल्यांचा जुडगा, बंद पडलेलं घड्याळ, चष्मा, चादर, रिकामी पाकिटं, असल्या वस्तू. फोन दाराजवळ, फक्त रेकॉर्डिंगचा एक फोन आत.

पहिल्या तीन बैठका

पहिल्या दिवशी गोष्ट करू नका. तो कागद वाचा, प्रश्न भिंतीवर लावा, आणि मग वस्तूंवर काम करा. प्रत्येकानं पेटीतली एक वस्तू उचलायची आणि ती कुणाची होती हे तीन मिनिटं सांगायचं, खरं किंवा बनवलेलं, कुठलं ते सांगायचं नाही. यातून दोन गोष्टी साधतात. लाजरी माणसंही बोलतात, कारण ती स्वतःबद्दल बोलत नसतात, घड्याळाबद्दल बोलत असतात. आणि खरं-खोटं न विचारायची सवय खोलीला लागते, ती पुढं फार कामाला येते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रश्नाच्या दोन्ही बाजू शरीरानं उभ्या करा. खोलीच्या एका टोकाला "सांभाळणाऱ्याचा हक्क", दुसऱ्या टोकाला "सगळ्यांचा सारखा", आणि प्रत्येकानं आपल्याला पटेल तिथं मधल्या रेषेवर उभं राहायचं. मग एकेक परिस्थिती वाचा: आईनं तोंडी सांगितलं होतं, कागदावर नाही. लांब राहणारा दर महिन्याला पैसे पाठवत होता. सांभाळणारीला राहायला दुसरं घरच नाही. दर वेळी माणसं हलतात. कोण कुठल्या वाक्याला हललं आणि कोण हललंच नाही हे लिहून ठेवा. जो अजिबात हलत नाही त्याच्यात तुम्हाला एक पात्र सापडतंय.

बाहेर जाऊन ऐकणं

ग्रुपच्या स्वतःच्या अनुभवावरच नाटक उभं केलं तर ते लवकर आटतं. चौथ्या बैठकीच्या आसपास सगळ्यांना बाहेर पाठवा, प्रत्येकानं दोन माणसांशी बोलून यायचं. अमेरिकेतल्या टेक्टॉनिक थिएटर प्रोजेक्टनं 'द लॅरमी प्रोजेक्ट' या नाटकासाठी दोनशेच्या वर मुलाखती घेतल्या, १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये लॅरमी गावातल्या एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि पुढच्याच महिन्यात हे लोक त्या गावात पोचले होते, नाटक आलं २००० मध्ये. तुम्हाला दोनशे नकोत, बारा-पंधरा चांगल्या मुलाखती खूप झाल्या.

मुलाखतीत मत विचारू नका, कृती विचारा. "तुम्हाला काय वाटलं?" याला ठरलेली उत्तरं येतात. "कपाट पहिल्यांदा कुणी उघडलं? किल्ली कुठं होती? पहिली वस्तू कुठली काढली? ती कुठं ठेवली?" असं विचारलं की माणूस त्या खोलीत परत जातो. रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी घ्या, आणि कशासाठी हवंय ते खरं सांगा. परत आल्यावर नटानं मुलाखत वाचून दाखवायची नाही, त्या माणसासारखं बसून सांगायची, त्याचे पॉज, अर्धवट सोडलेली वाक्यं, हाताचा चाळा सगळं घेऊन. मग बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे आणि त्यानं त्याच माणसात राहून उत्तरं द्यायची. जिथं उत्तर माहीत नसेल तिथं तो बनवेल, आणि त्या बनवण्यात पात्र जन्माला येतं. इथून पुढं मूळ माणसाची ओळख पटेल अशा खुणा काढत चला.

इम्प्रो नीट लावणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. "तुम्ही भाऊ, तू बहीण, घर रिकामं करताय, करा सुरू" एवढंच सांगितलंत तर हमखास काय होतं सांगू? दोघं समोरासमोर उभे राहतात आणि विषयावर भांडतात. "तू कधी आलास आईला भेटायला?" "मी पैसे पाठवत होतो ना!" वाक्यं बरोबर असतात, आवाज चढतो, बघायला बरंही वाटतं, पण दहा मिनिटांनी त्यातून हाती काही लागत नाही, कारण नट प्रश्नाचीच दोन उत्तरं मोठ्यानं म्हणत असतात.

म्हणून इम्प्रो लावताना पाच गोष्टी ठरवून द्या: जागा, वेळ, हातातलं काम, प्रत्येकाला समोरच्याकडून काय हवंय, आणि एक बंदी. हवंय काय ते कानात सांगा, दुसऱ्याला कळू देऊ नका. बंदी मात्र दोघांना सांगा.

एकदा असंच केलं होतं. जागा आईची खोली, चिकटपट्टीनं आखलेली. वेळ, टेम्पो यायला वीस मिनिटं राहिलीत. काम, टेबलावर पसरलेल्या चाळीसेक वस्तू तीन खोक्यांत भरायच्या. भावाच्या कानात सांगितलं की तुला बहिणीनं "तू केलंस ते पुरेसं होतं" असं म्हणायला हवंय. बहिणीच्या कानात सांगितलं की तुला इथून लवकर निघून जायचंय, पण आधी त्यानं थांब म्हणावं अशी इच्छा आहे. बंदी एकच, "आई" हा शब्द आणि तिचा कुठलाही उल्लेख करायचा नाही. पहिली चार मिनिटं दोघं नुसते भरत होते. खोक्याचा आवाज, पाकिटांचा आवाज. मग भावानं ते बंद घड्याळ उचललं, खोक्यात टाकलं. बहिणीनं ते काढलं, किल्ली फिरवली, कानाला लावलं, आणि न बघता म्हणाली, "चावी द्यायला कुणी राहिलं नाही म्हणून थांबलंय, बिघडलेलं नाहीये." तो म्हणाला, "मग ठेव तुझ्याकडं." ती म्हणाली, "माझ्याकडं घड्याळ आहे." आणि तिनं ते परत खोक्यात ठेवलं, पण सगळ्यात वर. खोलीत कुणी हललं नाही. त्या दोन ओळी जवळपास तशाच अंतिम संहितेत गेल्या, आणि आधीच्या तीन बैठकांतलं सगळं भांडण गळून गेलं.

इम्प्रो चांगला झाला की लगेच टाळ्या आणि चर्चा करू नका. तोच प्रसंग परत करा, एकच गोष्ट बदलून. भूमिका उलटा. किंवा तिसरं माणूस आत आणा ज्याला काहीच माहीत नाही, समजा टेम्पोवाला. किंवा तोच प्रसंग एकही शब्द न बोलता. तीनदा झाला की कळतं यात पक्कं काय आहे आणि त्या क्षणाची गंमत काय होती. चौथ्यांदा करू नका, नट आठवून करायला लागतात.

थांबवायचं कधी? नट नवीन माहिती जोडायला लागले की. "आणि तुला माहितीये का, बाबांचं दुसरं लग्न झालं होतं!" असलं काही आलं की समजायचं, आत्ताच्या क्षणात त्यांना काही सापडत नाहीये म्हणून ते गोष्ट वाढवतायत. तिथं शांतपणे थांबवा. नटाला ओशाळं वाटेल असं काही बोलू नका, त्याची चूक नाही, तुमच्या सूचना सैल होत्या.

नोंदी

नोंदवहीत चार रकाने: रेकॉर्डिंगमधली वेळ, कोण, शब्दशः ओळ, आणि कृती. मत लिहायचं नाही. "छान प्रवेश" या नोंदीचा दोन महिन्यांनी शून्य उपयोग असतो, "१४:२० ला घड्याळ कानाला लावलं" याचा असतो. रेकॉर्डिंग चालू ठेवाच, पण सगळं उतरवून काढत बसू नका, तीन तासांचं उतरवायला दोन-तीन दिवस जातात. ज्या वेळांवर खूण आहे तेवढीच पाच-सात मिनिटं उतरवा. फाइलला नाव देताना तारीख, बैठक क्रमांक आणि प्रसंग लिहा. एका ग्रुपमध्ये आमच्या सगळ्या फाइली "नवीन रेकॉर्डिंग १" ते "नवीन रेकॉर्डिंग ६०" अशा होत्या, नोंदवही कुणाकडून तरी हरवली, आणि सहा आठवड्यांचं काम हाताशी असून नसल्यासारखं झालं. अजून वाईट वाटतं त्याचं.

भिंतीवरचं नाटक

नवव्या-दहाव्या बैठकीपासून भिंत वापरा. जे प्रसंग टिकले त्या प्रत्येकाचं एक कार्ड. कार्डावर तीन ओळी: काय होतं, या प्रसंगानंतर कुणाचं काय बदललं, आणि नेमकी कुठली ओळ किंवा कृती ठेवायचीच. दुसरी ओळ लिहिता येत नसेल तर ते कार्ड वेगळ्या कोपऱ्यात लावा. फेकू नका, कधीकधी असला प्रसंग दुसऱ्याच्या पोटात जातो.

मग कार्डं हलवा. वेळेच्या क्रमानं लावा, उलट्या क्रमानं लावा, सगळं एकाच संध्याकाळी घडतंय असं धरून लावा. आमच्या घराच्या नाटकात कार्डं सुरुवातीला आईच्या आजारापासून होती. मग सगळं त्या टेम्पोच्या वीस मिनिटांत बसवून बघितलं तर निम्मी कार्डं आपोआप गळाली आणि उरलेली घट्ट झाली. भिंतीकडं बघून जी भोकं दिसतात, म्हणजे इथून तिथं माणूस कसा पोचला हेच कळत नाही अशा जागा, त्यांची यादी करा आणि शेवटच्या दोन बैठका फक्त त्या भोकांवर इम्प्रो लावा.

खोली बंद, लेखक एकटा

आता खरंच बंद करा. नटांनी लेखकाला रोज मेसेज करून "माझ्या पात्राचं असं केलं तर?" विचारायचं नाही, हेही त्या पहिल्या कागदात असलेलं बरं. लेखकानं पहिला आठवडा काही लिहू नये, नोंदी एकदा सलग वाचाव्यात आणि बाजूला ठेवाव्यात. मग आठवतंय त्यावरून लिहावं. जे आठवतं तेवढंच बहुतेक नाटकाचं असतं, ओळी तपासायला नंतर नोंदी उघडाव्यात.

इथं एक सापळा आहे. इम्प्रोमधले संवाद ऐकायला जिवंत वाटतात, म्हणून लेखक ते जसेच्या तसे उतरवतो, आणि कागदावर ते सपाट पडतात. कारण नट एकच गोष्ट तीनदा म्हणत असतो, तिसऱ्यांदा त्याला नेमकं सापडतं. तुम्ही तिसरी ओळ घ्या, पहिल्या दोन सोडा. दुसरं, सगळ्यांना न्याय देऊ नका. सात नट होते म्हणून सात पात्रं असं नाही. कुणाचा तरी लाडका प्रसंग जाणार आहे, ते त्याला वाचनाच्या आधी वेगळं भेटून सांगा, सगळ्यांसमोर पान उलटताना कळू नये.

वाचन आणि प्रतिक्रिया

पहिल्या वाचनाला फक्त ग्रुप. घड्याळ लावून वाचा, कृतीच्या सूचना एकानं वाचायच्या. वाचून झाल्यावर जे मनात येईल ते बोला असं म्हणालात तर सगळे संहिता दुरुस्त करायला लागतील आणि लेखक मिटून जाईल. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास प्रतिक्रिया द्यायची चार पायऱ्यांची पद्धत बसवली, ती इथं फार उपयोगी पडते. आधी प्रत्येकानं काय भिडलं, काय लक्षात राहिलं तेवढंच सांगायचं. मग लेखक प्रश्न विचारणार आणि बाकीचे त्याचंच उत्तर देणार. मग बाकीचे प्रश्न विचारणार, पण प्रश्नात मत लपवायचं नाही, म्हणजे "शेवट इतका लांब का?" असं नाही, "शेवटी बहिणीला काय हवं होतं?" असं. आणि चौथी पायरी मत, तेही "मला या गोष्टीबद्दल एक मत आहे, ऐकायचंय का?" असं विचारून. लेखक नको म्हणू शकतो. पहिल्यांदा हे कृत्रिम वाटतं, दुसऱ्यांदा नाही वाटत.

दुसरी फेरी

ही फेरी शोधायची नाही, तपासायची आहे. लेखकानं आधीच पाच-सहा जागा सांगाव्यात जिथं त्याला खात्री नाही, आणि तेवढ्याच करायच्या. काही उपाय हमखास चालतात. प्रवेशातल्या पहिल्या सहा ओळी काढून सुरू करा, बऱ्याचदा कुणाला फरकच कळत नाही, मग त्या कायमच्या काढा. प्रत्येक नटानं आपल्या लांब संवादातली निम्मी वाक्यं स्वतः खोडून बघायची. अख्खा प्रवेश मुक्यानं करा आणि बाहेरच्या एका माणसाला विचारा काय चाललंय, त्याला गोष्ट कळली तर संवादांवर एवढा भार टाकायची गरज नाही.

आणि शेवट. शेवट अडला की ग्रुपमध्ये सगळे शेवट सुचवायला लागतात, दिवसभर तेच चालतं. तेव्हा शेवटावर काम बंद करून मधल्या प्रवेशात जा. माझ्या अनुभवात शेवट सापडत नाही तेव्हा साधारण मधे कुठंतरी एखाद्या पात्राला लेखकानं वाचवलेलं असतं, त्याला जे करायला हवं होतं ते करू दिलेलं नसतं. ते मोकळं केलं की शेवट सुटतो.

कुणाच्या स्वतःच्या जखमेवर बोट पडलं तर? पडतं कधीतरी. काम थांबवा, त्याला बाहेर जायचं असेल तर एकानं बरोबर जायचं, आणि त्या दिवशी तो प्रसंग परत करायचा नाही. "वापरून घे हे नाटकात" असं त्या क्षणी कधीच म्हणू नका. दोन दिवसांनी त्यानं स्वतः म्हटलं तर बघा, आणि तेव्हाही तो प्रसंग दुसऱ्या नटाकडं द्या.

त्यानंतर बाहेरची पंधरा-वीस माणसं बोलवून एक वाचन ठेवा. तेव्हा तुम्ही संहितेकडं बघू नका, माणसांकडं बघा. खुर्च्या कुठं वाजतात, कुठं सगळे एकदम स्थिर होतात, कुठल्या पानावर फोनकडं हात जातो. समासात खुणा करा. तोंडी प्रतिक्रियांपेक्षा मी त्या खुणांवर जास्त विश्वास ठेवतो, माणसं तोंडानं गोड बोलतात.

यानंतरचा मसुदा म्हणजे तालमीची संहिता. तिच्यावर तारीख आणि मसुदा क्रमांक घाला, पान क्रमांक घाला, आणि जुन्या प्रती सगळ्यांकडून परत घ्या, नाहीतर तालमीत तिघं तिसऱ्या मसुद्यातून आणि दोघं चौथ्यातून बोलतात. पहिल्या पानावर कार्यशाळेतल्या सगळ्यांची नावं, सोडून गेलेल्यांची सुद्धा, जसं त्या कागदावर ठरलं होतं तसं. आणि तालीम सुरू व्हायच्या आधी एक संध्याकाळ सगळ्यांनी परत बसा, रेकॉर्डिंगच्या फाइली उघडा, प्रत्येकाला विचारा यातलं तुझं काय पुसायचंय, आणि तो सांगेल ते त्याच्यासमोर पुसा. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांनाही फोन करून हेच विचारा, आणि पहिल्या प्रयोगाचं आमंत्रण द्या.